दुसरी वही

खंडेनवमीला आमच्या घरी शस्त्रांची पूजा होते. शस्त्रे म्हणजे विळी, कोयता, मुलाचा पान्ह्यांचा डबा, माझे जुने शाईचे पेन आणि पितळी डब्यात जपून ठेवलेली एक कात्री. ही कात्री माझ्या आईची. निपाणीत तिने तीस-पस्तीस वर्षे या कात्रीने टेंभुर्णीची पाने कापली आणि विड्या वळल्या. गेली काही वर्षे पूजेत सूनबाईच्या संगणकाचीही भर पडली आहे. मागच्या खेपेस हळदकुंकू वाहताना ती सहज म्हणाली, "बाबा, आजींची कात्री आणि माझा संगणक शेजारी शेजारी शोभून दिसतात." मी मान डोलावली. पण तिच्या त्या बोलण्याने आमच्या घरात घडलेले एक प्रकरण मनात जागे झाले, आणि ते आपल्या मासिकाच्या वाचकांपुढे मांडावे असे वाटले. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांतून आज कितीतरी मुली-सुना घरी बसून अशी कामे करीत असतील. (आम्ही सीमाभागातील माणसे स्वतःला बाहेरची म्हणवून घेत नाही, तो भाग निराळा.) त्यांच्या वडीलधाऱ्यांना या कामाचे स्वरूप ठाऊक असतेच असे नाही. मलाही ते नव्हते.

सूनबाई मूळची खानापूर तालुक्यातली. घरी मराठी, शेजारी कानडी, शाळेत हिंदी आणि कॉलेजात इंग्रजी, अशा चार भाषा तिच्या पदरात सहज पडल्या. आमच्या भागात भाषेवरून किती वाद झाले, किती मोर्चे निघाले, ते मी लहानपणापासून पाहत आलो आहे. त्याच भाषांवर घरबसल्या पोट भरता येते, हे मात्र मला सूनबाईने दाखवले. ती भाषांतरे करते. औषधांबरोबर येणाऱ्या सूचना, मोबाइलच्या पडद्यावर दिसणारा मजकूर, चित्रपटांच्या तळाशी धावणाऱ्या ओळी, असे तिच्या कामाचे नाना प्रकार. मजुरी शब्दांवर ठरते. हजार शब्दांमागे अमुक इतके पैसे, असा भाव असतो. पहिल्यांदा तिने हे सांगितले तेव्हा मी दचकलोच. आईच्या विड्यांची मजुरीही हजारावर होती. आम्ही तिला 'हजारी' म्हणत असू.

हा बाजार कोठल्याही गावी भरत नाही, तो इंटरनेटवर भरतो. एका बाजूला जगभरचे गिऱ्हाईक, दुसऱ्या बाजूला काम करणारे आणि मधे मंच चालवणारी कंपनी. अशा कंपन्यांत अपवर्कचे नाव मोठे आहे. ईलान्स आणि ओडेस्क या दोन जुन्या कंपन्यांच्या विलीनीकरणाची घोषणा २०१३ साली झाली आणि २०१५ मध्ये त्यांनी हे नवे नाव घेतले. फायव्हर ही अशीच दुसरी कंपनी, २०१० सालची. गिऱ्हाईक पैसे मंचाकडे भरते आणि मंच आपला वाटा कापून बाकीचे काम करणाऱ्याला देतो. २०१६ पासून २०२३ पर्यंत अपवर्कची रीत अशी होती की, एका गिऱ्हाइकाकडून मिळालेल्या पहिल्या ५०० डॉलरवर २० टक्के, त्यापुढे १०,००० डॉलरपर्यंत १० टक्के आणि त्याहून अधिक रकमेवर ५ टक्के कापले जात. निपाणीच्या तंबाखूच्या पेठेत जिला अडत म्हणतात, तीच ही.

या बाजारात दुकान म्हणजे स्वतःच्या नावाचे एक पान. त्यावर आपले शिक्षण, केलेली कामे आणि गिऱ्हाइकांनी दिलेले अभिप्राय असतात. नवे गिऱ्हाईक ते अभिप्राय वाचूनच काम देते. म्हणजे ही त्या बाजारातली पत. ती पैशाने विकत मिळत नाही आणि एका दिवसात उभी राहत नाही. सूनबाईने २०१९ साली आपले पान उघडले, तेव्हा पहिले काम मिळण्यास चार महिने लागले. त्यानंतर एकेक अभिप्राय तिने दागिन्यासारखा जमवला. अभिप्राय आला की तो ती आम्हाला मोठ्याने वाचून दाखवी. माझी सौभाग्यवती तेवढ्यात देवापुढे साखर ठेवून येई.

पुढे २०२० साली टाळेबंदी आली. माझा मुलगा उद्यमबागेतील एका ओतकाम कारखान्यात होता. काम थंडावले आणि त्याचा पगार आधी निम्मा झाला, मग बंदच पडला. घराचा भार सूनबाईच्या त्या छोट्या खोलीवर आला. पण एकटीने काम शोधायचे म्हणजे एखादा महिना भरभरून येई आणि पुढचे दोन कोरडे जात. रात्री दोन दोन वाजेपर्यंत ती नव्या गिऱ्हाइकांना अर्ज लिहीत बसे. दहा अर्जांना एक उत्तर येई. त्या सुमारास एका एजन्सीचे तिला बोलावणे आले.

या एजन्सीची रीत वाचकांना थोडक्यात सांगितली पाहिजे. अशा मंचावर एकट्याने काम करणारे असतात, तसेच काहीजण एकत्र येऊन किंवा एखाद्याच्या छत्राखाली जाऊन गटाने काम घेतात. गिऱ्हाईक एजन्सीशी बोलते, एजन्सी आपल्या सदस्यांना काम वाटते. अपवर्कवर अशा सदस्यांचे दोन प्रकार आहेत. एक, ज्याने सारे काम एजन्सीमार्फतच करायचे. दुसरा, ज्याला एजन्सीचे करून स्वतःचेही घेता येते. एजन्सीमार्फत केलेल्या कामाचे पैसे एजन्सीच्या खात्यात जातात आणि सदस्यांना किती व केव्हा द्यायचे, ते त्यांचे आपसांत ठरते. मंच त्यात पडत नाही.

सूनबाईला जिने बोलावले ती एजन्सी दूरच्या एका शहरातली, सूनबाई ज्या मंचावर होती त्याच मंचावरची. तिचे नाव सांगण्याचे कारण नाही. अटी तीन होत्या. काम दरमहा नक्की मिळेल. स्वतःच्या पानावर वेगळे काम घ्यायचे नाही. आणि सर्व काम एजन्सीच्याच सामायिक खात्यातून, एजन्सीच्याच नावाने गिऱ्हाइकाकडे जाईल. पैसे महिन्याच्या दहा तारखेला बँकेत.

रात्री जेवणे झाल्यावर तिने हे आम्हा सर्वांपुढे मांडले. मुलगा म्हणाला, "महिन्याचा आकडा ठरला तर घर चालते." सौ. म्हणाली, "पोरीची जागरणे तरी थांबतील." दोघांचेही खरे होते. मी मात्र गप्प राहिलो. माझ्या डोळ्यांपुढे निपाणीचे आमचे घर उभे राहिले होते.

आमचे वडील तंबाखूच्या वखारीत हमाली करीत. ते लवकर गेले. आईने सूप मांडीवर घेतले ते म्हातारपणापर्यंत खाली ठेवले नाही. कंत्राटदाराकडून पाने, जर्दा आणि दोरा तोलून मिळे. पाने रात्री भिजवायची, सकाळी पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापायची, मग वळण्यास बसायचे. पंचवीस विड्यांचा कट्टा आणि चाळीस कट्ट्यांची हजारी. संध्याकाळी माल घेऊन गेले की कंत्राटदार कट्टे दाबून पाही, नापसंत विड्या बाजूला काढी आणि उरलेल्यांचाच आकडा वहीत चढवी. बाजूला काढलेल्या मालाला 'छाट' म्हणत. छाटेची मजुरी मिळत नसे, आणि ती छाट परतही मिळत नसे. पाने खराब निघून विड्या कमी भरल्या, तर तूट बाईने पदरच्या पैशाने पाने घेऊन भरायची.

याहून मोठी गोष्ट मला पुढे कळली. आमच्या वाड्यात तिघीजणी विड्या वळत. पण कंत्राटदाराच्या वहीत नाव एकीचेच होते, शेजारच्या म्हाताऱ्या काकूंचे. तिघींचा माल त्यांच्याच नावापुढे चढे. कारखानदाराच्या लेखी माझी आई नव्हतीच. तिला त्याचे काही वाटत नसे. "मजुरी हातात पडल्याशी कारण, नाव कुणाचं का असंना," असे ती म्हणे. पण ती निरक्षर असली तरी मोजण्यात पक्की होती. मी तिसरीत गेल्यावर तिने मला एक रेघांची वही आणून दिली आणि म्हणाली, "त्याची वही त्याच्याजवळ. आपली दुसरी वही आपल्याजवळ असू दे. रोज लिहीत जा." तेव्हापासून रोज संध्याकाळी मी लिहू लागलो. तारीख, पाने किती मिळाली, कट्टे किती दिले, छाट किती निघाली, पैसे किती आले. पुढे शेजारणींचेही आकडे मीच मांडू लागलो. गणित सुधारले ते मास्तरांमुळे नव्हे, छाटेमुळे.

सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस निपाणीत वखारीतल्या आणि विडीच्या कामातल्या बायका सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने संघटित होऊ लागल्या. वखारीतल्या बायकांच्या त्या लढ्यावर बंगळूरच्या 'युगांतर' या गटाने १९८२ साली 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा माहितीपटही काढला. अर्जुननगरच्या देवचंद महाविद्यालयात मी तोवर शिकून बाहेर पडलो होतो. त्या कॉलेजाची गंमत अशी की, गाव कर्नाटकात आणि कॉलेज महाराष्ट्रात. आम्ही पायी चालत राज्य ओलांडून तासाला बसत असू. बायकांना कामगार म्हणून ओळखपत्रे मिळावीत असा प्रयत्न सुरू झाला, तेव्हा कंत्राटदार आईकडे बोट दाखवून म्हणाला, "ही बाई माझ्या वहीत नाही." त्या दिवशी मी माळ्यावरून वह्या काढल्या. बारा वर्षांच्या, बालबोध अक्षरातल्या वह्या. संघटनेच्या कार्यकर्त्यांनी त्या तारीखवार लावून पुढे ठेवल्या. कायद्यात त्या वह्यांची किंमत काय होती, हे मला सांगता येणार नाही. पण आईला ओळखपत्र मिळाले. कार्डावरील फोटोत ती फार गंभीर दिसते. फोटो काढणाऱ्याने हसा म्हटल्यावर ती त्याच्यावर रागावली होती.

एजन्सीच्या अटी ऐकताना हे सारे आठवत होते. तरीही सूनबाईला मी नको म्हणालो नाही. मध्यस्थ म्हटला की तो लुबाडणाराच, असे मानण्याचे माझे वय गेले आहे. अडत्या शेतकऱ्याला अडीनडीला उचल देतो, पेठ ओळखतो, व्यापाऱ्याशी भावासाठी घासाघीस करतो. एजन्सीही काम शोधते, गिऱ्हाइकाची बोलणी खाते, पैसे अडकले तर तगादा लावते, नवख्यांचे लिखाण तपासून घेते. या कष्टांचा मोबदला तिने घेऊ नये, असे कोण म्हणेल? शिवाय ज्या घरात महिन्याचा वाणी थांबलेला असतो, तेथे तत्त्वज्ञान सांगणे सोपे नसते. मी सूनबाईला एवढेच म्हणालो, "जा. पण दुसरी वही ठेव."

ती हसली. "बाबा, संगणकात सगळे आपोआप राहते."

"राहते, पण कोणाच्या संगणकात?" मी विचारले. तिने उत्तर दिले नाही. पण दुसऱ्या दिवशी खडेबाजारातून दोनशे पानी वही आणली. माझ्या समाधानासाठी, असे ती तेव्हा समजत होती. मीही तसेच समजत होतो.

दोन वर्षे चांगली गेली, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. दहा तारखेचे पैसे कधी बाराला येत, पण येत. मुलाला पुन्हा नोकरी लागेपर्यंत घर त्यावरच चालले. माझ्या डोळ्याची शस्त्रक्रियाही त्याच पैशातून झाली. सूनबाईची जागरणे थांबली. फक्त एक गोष्ट थांबली ती कोणाच्या लक्षात आली नाही. जेवताना अभिप्राय वाचून दाखवणे बंद झाले होते. अभिप्राय येत असत, चांगलेच येत असत. पण ते एजन्सीच्या नावाने. तिने केलेल्या एका औषधाच्या पुस्तिकेची एका परदेशी गिऱ्हाइकाने फार स्तुती केली, तीही तिला योगायोगाने कळली. त्यात तिचे नाव नव्हते. आपल्याच लेकराचे कौतुक परक्या घराच्या खिडकीतून ऐकावे, तसे तिला झाले असावे. ती फक्त म्हणाली, "बाबा, आजींच्या शेजारच्या काकूंचे नाव काय होते हो?"

मग २०२३ साल उजाडले. भाषांतराच्या धंद्यात यंत्राने पाय रोवले होते. पहिला खर्डा यंत्राने करायचा आणि माणसाने तो केवळ तपासायचा, अशी कामे वाढली आणि तपासण्याचा भाव भाषांतराच्या भावाहून कमी असे. एजन्सीचे मोठे गिऱ्हाईक तुटले. दहा तारीख वीस झाली, वीसची तीस झाली. तीन महिन्यांचे पैसे थकले आणि एके सकाळी सूनबाईने सामायिक खाते उघडू पाहिले, तर ते उघडेना. एजन्सीने ते बंद केले होते. तिने दोन वर्षे केलेले काम, पाठवल्याच्या तारखा, शब्दांचे आकडे, गिऱ्हाइकांची पत्रे, सगळे त्या बंद दाराच्या आत राहिले. स्वतःच्या पानावर पाहावे तर शेवटचा अभिप्राय दोन वर्षांपूर्वीचा. जणू मधल्या काळात ती कामच करीत नव्हती.

त्या दिवशी ती जिन्यावर बसून राहिली. मी माडीवर जाऊन टेबलावरची वही आणली आणि तिच्यापुढे ठेवली. तारीख, कामाचे नाव, शब्द किती, ठरलेला भाव, पैसे आल्याची तारीख. एकही दिवस सुटलेला नव्हता. शेवटच्या तीन महिन्यांपुढचा रकाना तेवढा कोरा होता.

त्या वहीवरून पुढची हालचाल सुरू झाली. कामाच्या फायलींत तिला आणखी तिघींची नावे दिसत असत. एक धारवाडची, एक सोलापूरची, एक गोव्यात वास्कोची. एकमेकींना त्यांनी कधी पाहिले नव्हते. सूनबाईने त्यांचा ठावठिकाणा काढला. तिघींचेही पैसे थकले होते, पण हिशेब कोणाजवळच पूर्ण नव्हता. सूनबाईच्या वहीतील कामांची नावे आणि तारखा पाहून त्यांनी आपापले आकडे आठवून, जुनी पत्रे चाळून जुळवले. चौघींनी मिळून एजन्सीच्या चालकाला एकच पत्र लिहिले, त्याला ओळ न् ओळ हिशेब जोडला. हा गृहस्थ आधी कोणाचाच फोन घेत नसे. पत्र गेल्यावर त्याने स्वतःहून फोन केला. त्याचेही पैसे बुडाले होते, असे त्याने सांगितले, आणि ते खोटे असेल असे मला वाटत नाही. हप्त्याहप्त्याने त्याने तीनपैकी दोन महिन्यांचे पैसे दिले. तिसरा महिना बुडाला तो बुडाला. आणि दोन वर्षांची पत, तिचा तर हप्ता कोण देणार?

या निमित्ताने मी आमच्या येथील सार्वजनिक वाचनालयात जाऊन जुने कायदे चाळले. निवृत्त माणसाला तेवढा वेळ असतो. विडी कामगारांसाठी १९६६ साली केंद्राने कायदा केला. घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही त्याने कामगार मानले. कच्चा माल किती द्यावा, छाट किती काढावी, छाटेची मजुरी द्यावी की नाही, यांवरील तंटे सोडवण्याचीही त्यात तरतूद होती. कारखानदार या कायद्याविरुद्ध न्यायालयात गेले. मंगळूर गणेश बीडी वर्क्स या खटल्यात १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. मधे कंत्राटदार असला तरी ज्याच्या नावाची विडी बाजारात जाते, त्याला जबाबदारी झटकता येणार नाही, हे त्यातले सूत्र. आईच्या ओळखपत्रामागे एवढा मोठा इतिहास उभा होता, हे मला इतक्या वर्षांनी कळले.

तो कायदा आता स्वतंत्र राहिलेला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या नव्या कामगार संहितांत तो सामावला गेला आहे. त्याच संहितांपैकी सामाजिक सुरक्षेच्या संहितेत मंचांमार्फत काम करणाऱ्यांची व्याख्या प्रथमच आली. आमच्या कर्नाटकानेही २०२५ साली अशा कामगारांसाठी वेगळा कायदा केला आहे. प्रत्येक व्यवहारामागे मंचाने १ ते ५ टक्के कल्याण शुल्क द्यावे आणि काम काढून घेण्यापूर्वी १४ दिवसांची पूर्वसूचना द्यावी, असे त्यात आहे. हे कायदे करताना डोळ्यांपुढे मुख्यतः रस्त्यावर धावणारी मुले होती, जेवण पोचवणारी, गाड्या चालवणारी. ते योग्यच आहे. पण गिऱ्हाईक लंडनचे, मंच अमेरिकेचा, एजन्सी दुसऱ्या राज्यातली आणि काम करणारी बेळगावच्या माडीवर, अशा साखळीत जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्याने सुटला असे मला वाटत नाही. विडीच्या बाबतीत तो सुटायला कायदा, खटला आणि बायकांचा लढा, तिन्ही लागले. तोवर ज्याची त्याने वही ठेवलेली बरी.

वाचनालयातच दुसरीही एक गोष्ट वाचनात आली. केरळात १९६६ चा विडी कायदा अमलात येऊ लागताच मंगळूरच्या बड्या कारखानदारांनी तेथील कामे बंद केली आणि हजारो कामगार उघड्यावर पडले. तेव्हा कण्णूरला १९६९ साली कामगारांनीच 'केरळ दिनेश बीडी' ही सहकारी संस्था उभी केली. पुढे विडीचा खप ओसरला, तेव्हा ती छत्र्या, कपडे आणि खाद्यपदार्थ करू लागली. म्हणजे मध्यस्थ नाहीसा झाला नाही; काम करणारेच आपले मध्यस्थ झाले. हे मी घरी येऊन सूनबाईला सांगितले. ती म्हणाली, "आम्ही चौघीही तेच करणार आहोत. संस्था वगैरे मोठे नाव नको, पण गट करू."

त्यांचा तो गट आता दोन वर्षांचा झाला. बेळगाव, धारवाड, सोलापूर आणि वास्को. त्याच मंचावर त्यांनी स्वतःची लहानशी एजन्सी काढली आहे. नियम साधे आहेत. गिऱ्हाइकाने दिलेला भाव चौघींना ठाऊक असतो. कोणते काम कोणी केले, ते गिऱ्हाइकाला नावानिशी कळवले जाते. प्रत्येकीने आपले स्वतःचे पानही चालू ठेवायचे. आणि निघून जायचे असेल तर महिनाभर आधी सांगून, हिशेब चुकता करून जायचे. मिळकत पूर्वीपेक्षा फार वाढली आहे असे नाही. यंत्राने भाव पाडले आहेत, ते काही चौघींच्या एकीने वर जात नाहीत. पण जेवताना अभिप्राय वाचून दाखवणे पुन्हा सुरू झाले आहे.

येथे ही हकिकत संपवता आली असती. पण खरी परीक्षा पुढे झाली, आणि ती आमच्याच घराची. गेल्या वर्षी काम वाढले म्हणून गटाने निपाणीची एक मुलगी घेतली. नुकतीच पदवीधर झालेली, मराठी-कानडी दोन्ही स्वच्छ. तिची आजी विड्या वळीत असे, हे ऐकून माझे मन भरून आले. पण एका संध्याकाळी सूनबाईची वही सहज चाळताना मला त्या मुलीच्या नावापुढे एक रकाना दिसला: 'कपात'.

मी विचारले, "ही कपात कसली?"

"तिचे लिखाण मला तपासावे लागते, बाबा. तासन्‌ तास जातात. शंभरातले पंधरा मी ठेवते."

"तिला ठाऊक आहे?"

सूनबाई क्षणभर थांबली. "कापते हे ठाऊक आहे," ती म्हणाली. "किती, ते मी सांगितले नाही. तिने विचारले नाही."

मी काही बोललो नाही. बोलण्याची गरजच नव्हती. तिच्या चेहऱ्यावरून मला कळले की, जो प्रश्न मी विचारणार होतो तो तिने स्वतःलाच विचारला आहे. ज्याच्या हाती वही असते त्याला दुसऱ्याने न विचारणे किती सोयीचे असते! आमच्या कंत्राटदाराचा हिशेबही बहुधा असाच सुरू झाला असेल. पंधरा टक्के रास्तच होते, कदाचित कमीच. खुपत होते ते एवढेच की, ते एकाच वहीत होते.

दुसऱ्या दिवशी सूनबाईने त्या मुलीला फोन करून सगळे सांगितले. गिऱ्हाइकाचा भाव, कपात, कपातीचे कारण, आणि तिचे लिखाण सुधारेल तशी ती कशी कमी होत जाईल, तेही. मुलगी म्हणाली, "ताई, मला वाटलं होतं त्याहून कमीच कापता तुम्ही." दोघी हसल्या. पण हसण्यापूर्वी सूनबाईचा जो सुस्कारा मी ऐकला, तो मी विसरणार नाही.

खंडेनवमीला ती मुलगी निपाणीहून मुद्दाम आमच्याकडे आली होती. पूजा झाली, कात्रीला आणि संगणकाला झेंडूचे फूल वाहिले. सूनबाईने तिला साडीऐवजी एक वस्तू दिली. खडेबाजारातलीच, दोनशे पानी, रेघांची वही. पहिल्या पानावर हळदकुंकवाची बोटे उमटवली होती. मुलीने विचारले, "यात काय लिहायचं, ताई?"

"आम्ही तुला काय दिले आणि तू आम्हाला काय दिलेस, ते," सूनबाई म्हणाली. "रोज लिहायचे. माझ्यावर विश्वास असला तरी."